गुहेत शिरणारे सिनेमे: पावसाळी खेळासाठी नावं सुचवा

म्हादईकाठ (साखळी) | ३ जुलै, रात्री ९.१२

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत पावसाळ्यात अधूनमधून सिनेमा दाखवतो. प्रेक्षक म्हणजे थोडी कॉलेजची पोरं, थोडे निवृत्त मास्तर आणि पाऊस थांबेपर्यंत टेकणारे दोघे-तिघे. या खेपेला पोरांनी गुहांचा विषय काढलाय. हरवळेच्या पांडव गुहा आम्हाला उशाशी, शाळेच्या सहली तिथेच व्हायच्या. पण त्या माणसाने जांभ्यात कोरलेल्या, आत शिरलं की लगेच भिंत लागते. पोरांना हवी आहे पाण्याने पोखरलेली गुहा, जिच्या पुढच्या वळणापलीकडे काय आहे ते आत जाणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

सिनेमा किंवा माहितीपट, भाषा कुठलीही, इंग्रजी सबटायटल असली म्हणजे झालं. भुतंखेतं नकोत. दोन तासांच्या आत असेल तर उत्तम, कारण नंतर चहा आणि भांडण असतं.

मोरजाईचा बाबू | ३ जुलै, रात्री ९.३१

मंजुम्मेल बॉइज. विषय संपला. चहा ठेवा.

पडदानशीन (पणजी) | ३ जुलै, रात्री १०.०५

बाबू, +१, पण विषय संपला कसा? आत्ता कुठे सुरू झाला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: मल्याळम, २०२४, दिग्दर्शक चिदंबरम. २००६ साली एर्नाकुलमजवळच्या मंजुम्मेलची दोस्तमंडळी कोडाईकनालला सहलीला जातात, 'गुणा' गुहेत एकजण भगदाडात पडतो आणि शेवटी मित्रच दोर बांधून खाली उतरतो. खरी घटना आहे. गुहेचं आजचं नाव कमल हासनच्या १९९१ च्या सिनेमावरून पडलं, आधी तिला 'डेव्हिल्स किचन' म्हणत. आतलं जे दिसतं तो बहुतेक सेट आहे, आणि सेट आहे हे कळत नाही, एवढंच त्या कलादिग्दर्शकाबद्दल पुरे.

माझी यादी:

द रेस्क्यू (२०२१). थायलंडच्या थाम लुआंग गुहेत अडकलेल्या फुटबॉलच्या पोरांवरचा माहितीपट. दिग्दर्शक जिमी चिन आणि एलिझाबेथ चाय वासरेली. पावणेदोन तास.

थर्टीन लाइव्ह्ज (२०२२). तीच घटना, रॉन हॉवर्डचा कथापट. जवळजवळ अडीच तास, म्हणजे तुमचा चहा गेला.

केव्ह ऑफ फरगॉटन ड्रीम्स (२०१०). वर्नर हर्झोग फ्रान्सच्या शोव्हे गुहेत, अश्मयुगातल्या भिंतीवरच्या चित्रांपाशी. दीड तास. माझं मत यालाच.

सँक्टम (२०११). नावापुरता लिहिलाय. पाण्याखालची दृश्यं बघावीत, संवाद सुरू झाले की उठून भजी आणायला जावं.

बुडबुडा (वास्को) | ३ जुलै, रात्री ११.४०

मी पोटासाठी ग्रँड आयलंडला पर्यटकांना पाण्याखाली नेतो, म्हणून थाम लुआंगबद्दल चार ओळी.

२३ जून २०१८ ला बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक आत गेले, पाऊस आला, मागची वाट पाण्याखाली गेली. २ जुलैला रिक स्टॅन्टन आणि जॉन व्होलान्थन हे दोन ब्रिटिश पाणबुडे त्यांच्यापर्यंत पोचले. मुलं दिसण्याआधी त्यांना वास आला होता, हे ते माहितीपटात सांगतात. ८ ते १० जुलैच्या तीन दिवसांत सगळे बाहेर. मुलांना पोहवत आणलेलं नाही. ऑस्ट्रेलियाचे भूलतज्ज्ञ रिचर्ड हॅरिस यांनी त्यांना केटामाइन देऊन बेशुद्ध केलं, तोंडावर पूर्ण मुखवटा चढवला आणि पाणबुड्यांनी त्यांना सामानासारखं वाहून आणलं. मध्येच भूल उतरू लागली की पाण्यातच पुढचं इंजेक्शन. हॅरिसना स्वतःला हे साधेल असं वाटत नव्हतं.

आता सिनेमाची गंमत. थर्टीन लाइव्ह्जमध्ये पाण्याखाली सगळं छान दिसतं: दगड, दोर, नटांचे चेहरे. प्रत्यक्षात ते पाणी म्हणजे दूध घातलेला चहा. हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही, सगळा व्यवहार दोराला हात लावून. पण हे जसंच्या तसं दाखवलं तर पडदा दोन तास तपकिरी. हॉवर्डने खोटं केलं ते नाइलाजाने, मी त्याला माफ केलं.

द रेस्क्यूमध्ये थाई नौदलाच्या पथकाचं त्या दिवसांतलं खरं चित्रण आहे. पाण्याखालचं जे कुणीच टिपलेलं नव्हतं ते त्याच ब्रिटिश पाणबुड्यांकडून स्टुडिओच्या टाकीत पुन्हा करून घेतलंय. हे आधी सांगून मग दाखवा, नाहीतर पोरं सगळंच खरं समजतील.

फोंड्याची मावशी | ४ जुलै, सकाळी ७.२०

तो दुसरा तपशील कुणी सांगत नाही. थाम लुआंगमधून उपसलेलं पाणी सोडलं ते खालच्या भातशेतांत. लावणी झालेली शेतं बुडाली आणि कित्येक शेतकऱ्यांनी भरपाई नको म्हटलं. माहितीपटात मला सगळ्यात जास्त ते लागलं. आमच्याकडे बांध फुटून शेजाऱ्याचं पाणी वायंगणात (उन्हाळी भातात) आलं तर तीन पिढ्या बोलत नाहीत.

कृष्णाकाठचा (सध्या म्हापसा) | ४ जुलै, सकाळी ८.०२

मावशी, त्या पाणी उपसण्यात आपलाही हात होता. किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ तिथे मदतीला गेले होते. आमच्या सांगली जिल्ह्यात तेव्हा पंपाच्या दुकानदारापासून सगळ्यांची कॉलर ताठ. सिनेमात मात्र पंप दिसतात, किर्लोस्कर दिसत नाहीत.

क्रेमवाला (मडगाव) | ४ जुलै, दुपारी १.१५

धागा वाचला. थोडा चिडून लिहितोय, आधीच माफी.

म्हादईकाठ यांनी विचारलं होतं गुहेत *पुढे काय आहे* हे शोधणाऱ्यांबद्दल. आतापर्यंत आलेली नावं बघा. मंजुम्मेल: पडला. थाम लुआंग: अडकले. सँक्टम: अडकून मेले. हर्झोगचा तेवढा वेगळा. आणि ही काही आपल्या आवडीनिवडीची गोष्ट नाही, हा धंदाच असा आहे. सँक्टमचं उदाहरण घ्या. त्याचा निर्माता आणि सहलेखक अँड्र्यू वाइट १९८८ साली ऑस्ट्रेलियाच्या नलारबोर मैदानातल्या पॅनिकिन प्लेन्स गुहेत होता. वादळाच्या पाण्याने तोंड ढासळलं, मंडळी आत अडकली. आणि सगळी जिवंत वर आली! त्यावरून सिनेमा काढताना मात्र एकेकाला मारत नेलं. कारण 'सगळे नीट वर आले' याला तिकीट कोण काढणार.

याहून जुनं हवं असेल तर १९५१ चा बिली वाइल्डरचा एस इन द होल. त्यामागची खरी गोष्ट: फ्लॉइड कॉलिन्स नावाचा केंटकीचा माणूस, आयुष्यभर गुहा शोधत फिरला, १९१७ मध्ये एक मोठी सुंदर गुहा शोधलीही. त्याबद्दल त्याला कोण ओळखतं? १९२५ मध्ये सँड केव्हमध्ये पायावर दगड पडून अडकला, बाहेर हजारोंची जत्रा भरली, तो आतच मेला. त्याच्याशी आत सरपटत जाऊन बोलणाऱ्या वार्ताहराला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. वाइल्डरने निदान त्या जत्रेवरच सिनेमा केला. त्यात गुहेतला माणूस बाजूला राहतो आणि वार्ताहर मुख्य होतो.

मी मेघालयात सर्वेक्षणाच्या मोहिमेत हमाली केली आहे (खासीत क्रेम म्हणजे गुहा, माझं नाव त्यावरून). तिथे शोध म्हणजे काय ते सांगतो. तिघांची तुकडी. एक पुढे जाऊन खडकावर खूण ठरवतो. दुसरा तिथपर्यंतचं अंतर, दिशा आणि चढ-उतार मोजतो, पूर्वी फीत आणि होकायंत्राने, आता हातातल्या लेझर यंत्राने. तिसरा मळक्या कागदावर भिंती, छत, पाणी, दगड काढत जातो. मग सगळे पुढच्या खुणेला. मांडीपर्यंत पाणी, कोपरापर्यंत चिखल, आणि आकडे ओरडून सांगायचे. दिवसभर हेच. रात्री शेकोटीजवळ आकडे संगणकात टाकले की पडद्यावर एक रेघ थोडी लांबते, आणि त्या रेघेसाठी माणसं जगाच्या टोकावरून येतात. क्रेम पुरी ही वालुकाश्मातली जगातली सगळ्यात लांब गुहा, साडेचोवीस किलोमीटर, २०१८ मध्ये अशीच एकेक खूण करत मोजली गेली. त्यात कुणी अडकलं नाही, म्हणून त्यावर सिनेमा नाही.

मोरजाईचा बाबू | ४ जुलै, दुपारी १.४०

पात्रांव, जेवलास का?

क्रेमवाला | ४ जुलै, दुपारी १.५२

जेवलो. तिसऱ्या परिच्छेदानंतर.

पडदानशीन | ४ जुलै, रात्री ९.५०

क्रेमवाला, तुमच्यासाठी सिनेमा आहे. इल बुको, इटालियन, २०२१, मायकेलँजेलो फ्राम्मार्तिनो. व्हेनिसला त्या वर्षी ज्युरीचं विशेष पारितोषिक मिळालं.

१९६१. उत्तरेत मिलानमध्ये उंचच उंच पिरेली इमारत नुकतीच उभी राहिलीय आणि तिथल्याच बाजूची तरुण पोरं दक्षिणेत कालाब्रियाच्या पठारावर एका भोकाशी येतात. गाई चरताहेत, एक म्हातारा गुराखी लांबून बघतोय. पोरं मासिकाची पानं पेटवून खाली सोडतात आणि उजेड कुठवर जातो ते बघतात. मग दोर, शिड्या, उतरणं. कुणी मुलाखत देत नाही, पार्श्वसंगीत नाही, संवाद म्हणावे असे नाहीत. खाली जवळजवळ सातशे मीटरवर (स्पॉइलर!) गुहा संपते. बस. खजिना नाही, राक्षस नाही. वर तंबूत एकजण नकाशा पुरा करतो. तुमची ती 'थोडी लांबणारी रेघ' मी पडद्यावर पाहिलेली हीच एक.

आणि उजेड. गुहेवरच्या प्रत्येक सिनेमाची खरी अडचण तीच आहे: जिथे कधीच उजेड नव्हता तिथे कॅमेरा न्यायचा. बहुतेक लोक कुठूनतरी निळसर प्रकाश झिरपत ठेवतात. शंभर मीटर जमिनीखाली चांदणं! इल बुकोत जे दिसतं ते माणसांच्या टोपीवरच्या दिव्यांनी, बाकीचा पडदा खुशाल काळा. म्हणून हा फोनवर पाहू नका.

म्हादईकाठ यांनी भुतं नको म्हटलंय, तरी सांगते, द डिसेंट (२००५) या भयपटानेही हेच पथ्य पाळलं होतं. गुहेत उतरलेल्या बायकांच्या हातात बॅटरी, मशाल, जे असेल तेवढाच उजेड. गुहा सगळी स्टुडिओत बांधलेली. राक्षस येईपर्यंतचा पहिला भाग, विशेषतः अरुंद फटीत एकीचं अडकणं, मी अजून उशी धरून बघते.

फोंड्याची मावशी | ५ जुलै, सकाळी ६.५५

इल बुको मी पाहिलाय. अर्ध्यात झोप लागली, जाग आली तेव्हाही ते उतरतच होते.

पडदानशीन | ५ जुलै, सकाळी ९.१०

मावशी, मग तुम्ही गुहेचा वेळ बरोबर अनुभवलात.

चिरेखाण (डिचोली) | ५ जुलै, रात्री ८.३०

खाणीवर नोकरी केलेला माणूस आहे, तेव्हा माझी शिफारस वेगळी. बीबीसीची हाऊ अर्थ मेड अस (२०१०) ही मालिका, पहिला भाग. त्यात इयन स्टुअर्ट हे भूगर्भशास्त्रज्ञ मेक्सिकोच्या नाइका खाणीतल्या स्फटिकांच्या गुहेत जातात. जिप्समचे खांब, नारळाच्या झाडाएवढे, आडवे-तिडवे पडलेले. तापमान पन्नास अंशांच्या वर आणि हवा दमट, म्हणून बर्फाचे जाकीट घालून जायचं आणि थोड्या वेळात परत फिरायचं.

ही गुहा दिसली कशामुळे? तर खाणवाले रात्रंदिवस पाणी उपसत होते म्हणून. २००० साली खोदताना कामगारांना सापडली. उपसा थांबला तेव्हा पाणी परत चढलं आणि गुहा बुडाली. स्फटिक पाण्यातच वाढतात, त्यांच्या दृष्टीने बरंच झालं म्हणायचं. इथे २०१२ ला खाणी बंद झाल्यावर आमच्या भागातले खड्डे कसे भरत गेले ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा भाग निराळा लागेल.

आणि पोरांच्या प्रश्नाचं उत्तर: गोव्यात मेघालयासारख्या गुहा का नाहीत? तशा बहुतेक गुहांना चुनखडी लागते. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि हजारो वर्षं ती चुनखडी विरघळवत राहतं. आपल्याकडे वर जांभा, ज्यातला विरघळणारा माल पावसाने केव्हाच धुऊन नेलाय, उरलंय ते लोखंड आणि अॅल्युमिनियम. हा दगड जमिनीत असताना कुऱ्हाडीनेही कापता येतो आणि उघड्यावर कडक होतो, म्हणून हरवळे, रिवण, खांडेपार इथे माणसाला कोरता आलं.

रानवाट (वाळपई) | ५ जुलै, रात्री १०.२०

चिरेखाणबाब, गोव्यात नाही पण सीमेला लागून आहे की. बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ भीमगडच्या रानात बारापेडेची नैसर्गिक गुहा. तिथे राहणारं राउटनचं वटवाघूळ १९१३ साली शास्त्राला माहीत झालं आणि त्यानंतर कित्येक दशकं जगात फक्त तिथेच आहे असं मानत. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. ज्या डोंगरातून म्हादई निघते त्याच डोंगरातलं हे जनावर, आणि आपल्या पोरांना अॅमेझॉनचं व्हॅम्पायर ठाऊक असतं, हे नाही.

यावर कुणी सिनेमा करू नये अशीच माझी इच्छा आहे. कॅमेरा गेला की मागून रील करणारे जातात. ती वटवाघळं संरक्षित आहेत, वनखात्याला न विचारता तिकडे फिरकू नये.

वटवाघळांसाठी प्लॅनेट अर्थ (२००६) मधला गुहांचा भाग दाखवा. बोर्निओच्या गुहेतला शिटेचा डोंगर आणि त्यावर चालणारी झुरळांची चादर. फक्त चहा-भजी आधी उरका. त्याच भागात न्यू मेक्सिकोची लेचुगिया गुहा आहे. तिथे चित्रणाची परवानगी मिळवायलाच दोन वर्षं गेली.

मोरजाईचा बाबू | ६ जुलै, सकाळी ८.४५

झुरळांसाठी बोर्निओ कशाला, आमच्या जुन्या घराचा माळा आहे.

बुडबुडा | ६ जुलै, दुपारी ३.३०

आणखी दोन नावं. कॉलेजच्या पोरांना दाखवायची की नाही ते तुम्ही ठरवा.

डायव्हिंग इन्टू द अननोन (२०१६). नॉर्वेच्या प्लुरा गुहेत २०१४ मध्ये दोन फिनिश पाणबुडे खोल पाण्यात मेले. अधिकृत शोधपथकाने धोका बघून हात वर केले. मग त्यांच्याच मित्रांनी परवानगी नसताना गुपचूप जाऊन मृतदेह काढले, आणि कॅमेरा बरोबर होता.

डेव्ह नॉट कमिंग बॅक (२०२०). दक्षिण आफ्रिकेच्या बोसमन्सगॅट कुंडात एक तरुण १९९४ मध्ये बुडाला. दहा वर्षांनी डेव्ह शॉला त्याचा देह दिसला. २००५ च्या जानेवारीत तो देह आणायला गेला आणि स्वतः परतला नाही. त्याच्या टोपीवर कॅमेरा होता.

क्रेमवाला यांचा राग कळतो, पण हे दोन मी अपघाताचे मानत नाही. आत गेलेल्या माणसाचं आपण काय देणं लागतो, याबद्दल आहेत. आमच्या धंद्यात हा प्रश्न मनात येतोच.

फोंड्याची मावशी | ६ जुलै, दुपारी ४.१०

दुसरा नको. ज्याचं माणूस गेलं त्याच्या घरच्यांचा विचार करा. मरणाऱ्याच्या टोपीतला कॅमेरा बघत आपण खोलीत चहा पिणार?

बुडबुडा | ६ जुलै, दुपारी ४.४५

मावशी, तुमचं म्हणणं डोक्यावर. पण तो कॅमेरा होता म्हणूनच नेमकं काय झालं ते कळलं: दोरात गुंतला, धडपडीत श्वास वाढला, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला. खोलवर उतरणाऱ्या कित्येकांना ते बघून शिकता आलं. चहा न पिता बघा, इतकंच.

म्हादईकाठ | ७ जुलै, रात्री ९.००

भरपूर मिळालं. पोरांशी बोललो. दोन खेळ करतोय: आधी द रेस्क्यू, पुढच्या खेपेला हर्झोग किंवा इल बुको. हर्झोग भिंतीवरच्या प्रोजेक्टरवर कितपत पोचेल? तो मुळात थ्रीडी आहे ना?

पडदानशीन | ७ जुलै, रात्री ९.४०

थ्रीडी आहे आणि हौसेखातर नाही. शोव्हेच्या चित्रकारांनी भिंतीच्या फुगवट्याचाच उपयोग केलाय, जनावराचं अंग जिथे भिंत पुढे आलीय तिथे. साध्या पडद्यावर ते थोडं सपाट होतं, तरी बाकी सगळं उरतं. चौघांचं पथक, दोन फूट रुंद पट्टीवरून खाली उतरायचं नाही, दिवसाला चार तास, बॅटरीवरचे थंड दिवे. तशाच चित्रांची लास्कोची गुहा लोकांच्या श्वासाने खराब होऊन १९६३ मध्ये बंद करावी लागली होती, तो धडा घेऊन १९९४ मध्ये सापडलेली शोव्हे लोकांसाठी उघडलीच नाही. आपण कुणीच तिथे जाऊ शकत नाही, म्हणून हा सिनेमा हवा.

एका जागी सुमारे आठ वर्षांच्या मुलाचं पाऊल आणि जवळच लांडग्याचं. हर्झोग विचारतो: लांडगा पोराच्या मागावर होता, की दोघं मित्रासारखे चालत होते, की मध्ये हजारो वर्षं गेली होती? असा प्रश्न अवघा सिनेमाभर चालला असता तर मी आणखी खूश झाले असते. शेवटी तो पांढऱ्या मगरींवर घसरतो. तिथे बंद केलात तरी चालेल.

क्रेमवाला | ७ जुलै, रात्री १०.१५

माझं मत इल बुकोला. आणि त्या दिवशी मी साखळीला येतो, लेझर यंत्र आणि जुने सर्वेक्षणाचे कागद घेऊन. सिनेमाआधी पोरांकडून वाचनालयाचाच नकाशा काढून घेऊ: जिना, माळा, मागची अडगळ. कपाटामागून मोजायचं म्हटलं की कळेल सिनेमात ते काय करत होते. मग मावशींनाही झोप येणार नाही.

एकच अट. नकाशा काढला म्हणून पोरं पावसात रानातल्या बिळांत शिरायला नकोत. थाम लुआंगच्या तोंडाशी जुलै ते नोव्हेंबर धोका असल्याची पाटी होती. मुलं गेली २३ जूनला.

फोंड्याची मावशी | ८ जुलै, सकाळी ७.०५

मी येते. फीत धरायचं काम मला द्या, गुडघ्यामुळे माळ्यावर चढणार नाही. तारीख ऑगस्टमधली ठेवा, पण चवथीच्या आठवड्यात नको.

म्हादईकाठ | ८ जुलै, सकाळी ८.२०

ऑगस्टचा दुसरा शनिवार, दुपारी तीन. खोलीला काळे पडदे हवेत. कुणाकडे नाटकाचे जुने असतील तर सांगा.

मोरजाईचा बाबू | ८ जुलै, सकाळी ८.३३

आमच्या मंडळाचे आहेत, उंदरांनी दोन ठिकाणी खाल्लेत. चालतील का? आणि मला परत मोरजीपर्यंत कोण सोडणार?

कृष्णाकाठचा | ८ जुलै, सकाळी ९.१५

म्हापशापर्यंत माझ्या गाडीत ये. पडदे डिकीत टाकू.